खारा हात

ऑगस्टच्या मध्याला शारजात एक सकाळ अशी येते की दाराबाहेर पाऊल टाकताच चष्मा पांढरा होतो. आतल्या गारव्यातून बाहेरच्या वाफेत आलेली काच क्षणात आंधळी होते. अल नहदातल्या आमच्या इमारतीच्या पायरीवर त्या दिवशी चार-पाच चष्मेवाले खिशातून रुमाल काढून उभे असतात. काचा पुसायच्या आणि बस गाठायची. यंदा ती सकाळ आली तेव्हा मी काच पुसली नाही. थोडा वेळ काही दिसलं नाही, ते बरं वाटलं.

इथे ऋतू दोनच, असं आपले लोक थट्टेने म्हणतात; एक उन्हाळा आणि दुसरा एसी बंद ठेवता येतो तो. पण जुलै सरता सरता समुद्रावरून एक जड, खारट वाफ आत शिरते आणि दीड-दोन महिने हलत नाही. अरबीत तिला रतूबा म्हणतात. गाड्यांच्या काचांवरून पाणी ओघळतं, जिन्याचे कठडे चिकट लागतात, मिठाच्या बरणीत गोळे होतात. दादा तिला नुसतं ‘ती’ म्हणायचा. ‘ती आली रे मास्तर. आता कामं येतील.’

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, विनायक. गेल्या वर्षी ती असतानाच तो गेला. मास्तर म्हणजे मी. रत्नागिरीच्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत असे. एका जूनमध्ये तासिका मिळाल्या नाहीत, तेव्हा दादाने मला इथे बोलावून घेतलं. तो आधी रुवैसला होता. तेलाच्या टाक्या वाळूच्या माऱ्याने घासायच्या आणि रंगवायच्या, हे काम त्याने नऊ वर्षं केलं. मग शारजाच्या सनैयात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, एका वर्कशॉपला लागला. तिथे टाक्यांच्या जागी बंदुका आल्या. ‘काम तेच,’ तो म्हणायचा, ‘फक्त टाकीचा कोणी पापा घेत नाय.’

आमच्या वर्कशॉपात शिकारीच्या रायफलींना गंजाविरुद्ध लेप चढवतात. गावाकडे हे सांगितलं की लोक खुर्ची जरा मागे सरकवतात. प्रत्यक्षात ते काम कल्हईवाल्याच्या कामाइतकंच शांत आहे. रायफल येते ती परवान्याच्या कागदासह. मी नंबर ताडून नोंद करतो. मग ती सुटी होते. नळी अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून धुतात, भट्टीत तापवून आतलं लपलेलं तेल बाहेर काढतात, काचेच्या पेटीत बारीक कणांचा मारा करून तिचा पृष्ठभाग किंचित खरखरीत करतात, आणि मग तिच्यावर सिरॅमिकचा पातळ थर फवारून पुन्हा भट्टीत भाजतात. थर केसाच्या जाडीपेक्षाही कमी. सगळी करामत त्या थराच्या खाली असते, असं दादा म्हणायचा. वरचं सगळ्यांना दिसतं. खाली काय राहिलं ते फक्त करणाऱ्याला माहीत.

येणाऱ्या रायफलींपैकी बऱ्याच स्टेनलेस स्टीलच्या असतात, आणि मालकांचा त्या शब्दावर फार विश्वास असतो. एकदा स्टेनलेस म्हटलं की ती घामेजल्या हाताने हाताळावी, समुद्रकाठच्या घरात फोमच्या पेटीत महिनोन्महिने बंद करून ठेवावी, एखादा ठिपका दिसलाच तर नोकराकडून तारेच्या घासणीने घासून घ्यावी. घासणीचे लोखंडी कण त्या स्टीलमध्ये रुततात आणि तेच पुढे गंजतात. चांगल्या वस्तूला वाईट सोबत लागावी तसं. मलाही आधी हे खरं वाटलं नव्हतं. आपल्याकडे तर स्टील म्हणजे आयुष्यभराचं, वर नाव कोरून घ्यायचं. पण नळीचं स्टील वाट्या-पातेल्यांच्या स्टीलपेक्षा वेगळं असतं. ते कठीण असावं लागतं, आणि त्या कठीणपणापायी त्याची गंजाशी झुंजायची ताकद कमी होते. दादाने मला हे एका वाक्यात सांगितलं होतं. ‘डाग पडत नाय असं नाय, उशिरा पडतो. आणि पडणार नाय म्हणून कोण बघत नाय.’

मी कामाला लागलो त्या आठवड्यात त्याने माझी एक परीक्षा घेतली. घासून लख्ख केलेली पोलादाची एक पट्टी माझ्यापुढे धरली आणि अंगठा दाबायला सांगितला. शेजारी स्वतःचा अंगठा दाबला. पट्टी खिडकीबाहेर ठेवली. दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगठ्याच्या जागी काही नव्हतं. माझ्या अंगठ्याच्या जागी तांबूस रंगात माझा अंगठा होता, रेषेनरेष. काही माणसांचा घामच तसा असतो, त्यात दोष काही नाही, असं त्याने मला समजावलं, आणि लगेच सगळ्या वर्कशॉपला बोलावून ती पट्टी दाखवली. तेव्हापासून माझं नाव खारा हात. आमचे मॅनेजर बशीरभाई मूळचे कासरगोडचे. ते डबा उघडला की म्हणायचे, मास्टरजी, आज दाल में नमक कम है, जरा उंगली डालो. हातमोजे सगळेच घालत, दादाही. पण माझ्यासाठी जास्तीचा नियम होता: धुतलेल्या पोलादाला मी मोज्यानेही हात लावायचा नाही. माझं काम कागदाचं. फारतर कप्प्यातून काही काढून द्यायचं.

त्या नियमाखाली मी अकरा वर्षं सुखात काढली. दुपारच्या सुट्टीत मी वाचत बसे आणि दादा शेजारच्या बाकावर आडवा होई. अधूनमधून डोळे मिटूनच विचारी, आज कोण मेलं तुझ्या पुस्तकात. मी सांगितलं की म्हणे, बिचारा.

ऑगस्ट सरताना गिऱ्हाइकं वाढतात. हिवाळ्यात परदेशी शिकारीला जाणारे अमिराती लोक तेव्हा कपाटं उघडतात आणि आतला गंज बघून घाबरतात. त्यांतलं आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे बू सालेम. सत्तरीचा, कृश, सावकाश बोलणारा. तो दरवर्षी कझाकस्तानच्या डोंगरात जातो आणि बहुतेक वेळा काही न मारता परत येतो. लहानपणापासून कराचीच्या व्यापाऱ्यांशी बोलत आल्यामुळे त्याला आपली हिंदी येते, क्रियापदं सोडून. त्यानेच मला सुहैल सांगितला. ऑगस्टच्या अखेरीला पहाटे दक्षिणेला तो तारा दिसला की इथले जुने लोक म्हणतात, आता उन्हाचा कणा मोडला. मी घरी येऊन पुस्तकात पाहिलं तर तो आपला अगस्ती. आपल्याकडेही त्याच्या उदयाने गढूळ पाणी निवळतं म्हणतात. दादाला मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे एकाच ताऱ्याची दोन गावं वाट बघतात. मग कूस बदलून झोपला.

गेल्या वर्षी त्याला कूस बदलणं जमेनासं झालं होतं. सरळ झोपलं की दम लागायचा. डॉक्टरांनी हृदयाचा आकार वाढल्याचं सांगितलं, गोळ्या दिल्या, काम कमी करा म्हणाले. वहिनी आणि मुलं गावी, गुहागरजवळ. वहिनीला काही कळवायचं नाही, अशी त्याने मला तंबी दिली होती. परतीचं तिकीट काढलेलं होतं आणि ह्यावेळी तो कायमचा जाणार होता. सव्वीस वर्षं पुरे, म्हणाला. एकच काम हातात होतं: बू सालेमची नवी स्टेनलेसची रायफल. ती दुसऱ्या कोणाकडे देऊ का, असं बशीरभाईंनी विचारलं, तर दादा हसला. एवढी वर्षं त्या माणसाने माझ्याशिवाय कोणाला बंदूक दिली नाय, आता जाताना मी पाठ दाखवू?

तो बुधवार होता. नळी धुऊन, तापवून, पेटीतून काढून आकड्याला टांगली होती. दादाने स्प्रे गन भरली आणि वळताना त्याचा तोल गेला. खांदा आकड्याला लागला. नळी निसटली. मी कागद घेऊन तिथेच उभा होतो. मी ती झेलली.

उघड्या हाताने झेलली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दादा भिंतीला टेकून श्वास घेत होता. तशाही स्थितीत त्याच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. ‘खारा हात,’ म्हणाला. मग म्हणाला, पुन्हा पहिल्यापासून. धुणं, तापवणं, मारा, सगळं. मी करतो म्हणालो, आणि नियम असूनही त्याने अडवलं नाही. तू बस, असं मी म्हणालो नाही. पुन्हा सगळं करायला तीन-चार तास गेले असते आणि तो तेवढा वेळ तिथेच ताटकळत उभा राहिला असता. मला त्याची अवस्था दिसत होती, ओठ निळसर झालेले. मी नळी आत नेली. अ‍ॅसिटोनमध्ये फडकं बुडवलं, माझी बोटं लागली होती तिथे नीट पुसलं, दोनदा पुसलं. थोडा वेळ तिथेच थांबलो. मग बाहेर आणली.

‘पूर्ण?’ त्याने विचारलं.

‘पूर्ण,’ मी म्हणालो.

इतक्या लवकर कसं, हे त्याला कळायला हवं होतं. एरवी त्याने मला दारातूनच परत पाठवलं असतं. पण त्या दिवशी त्याला वेळ कळत नव्हता, किंवा मी खोटं बोलेन हे त्याच्या मनात आलं नाही. त्याने गन उचलली आणि फवारलं. एवढी थकलेली माणसं हात हलका कुठून आणतात कोण जाणे. नळी भट्टीतून निघाली तेव्हा तिचा राखाडी रंग पहाटेच्या खाडीसारखा दिसत होता. कुठे ओघळ नाही, कुठे धूळ नाही. बशीरभाईंनी ती उजेडाला धरून फिरवली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

अकराव्या दिवशी तो हॉस्पिटलात वारला. त्यानंतरचे कागद मीच केले, ते माझंच काम होतं. ज्या तारखेचं तिकीट होतं त्याच्या दोन दिवस आधी तो गावी पोचला.

वहिनी फोनवर फार बोलत नाही. पण दर दोन-तीन आठवड्यांनी ती एक गोष्ट हमखास विचारते: भाऊजी, त्यांनी शेवटचं काम कुठलं केलं हो? मी दरवेळी सांगतो. एका म्हाताऱ्या अरबाची बंदूक होती, राखाडी रंगाची, त्यांच्या हातची सगळ्यात देखणी. ती ‘बरं झालं’ म्हणते. गावात ती हे लोकांना सांगते असं पुतण्याकडून कळलं. त्यांची बंदूक अजून तिकडे डोंगरात फिरते, असं.

यंदा ऑगस्टच्या अखेरीला बू सालेम आला. पेटी स्वतः उचलून आणली, टेबलावर ठेवली, झाकण उघडलं आणि मागे सरून उभा राहिला. नळीच्या मध्यावर राखाडी थर तीन ठिकाणी फुगला होता. एक जागा मोठी, लंबगोल. तिच्या विरुद्ध बाजूला दोन लहान. फुगवट्यांच्या कडेने तांबूस पाणी सुकलं होतं. बाकी नळी जशीच्या तशी, पहाटेच्या रंगाची.

मला मोजावं लागलं नाही. एक अंगठा आणि दोन बोटं.

बू सालेम रागावला नव्हता, आणि तेच अवघड होतं. विनायकचं काम कधी परत आलं नाही, म्हणाला. ह्या गोष्टीची त्याला लाज वाटत होती, जणू दादाची चुगली करायला आला आहे. त्याला नळी तशीच चालली असती. नातवाने बघितली आणि दाखवून घ्या म्हणाला म्हणून आणली. बशीरभाईंनी चष्मा कपाळावर चढवला, थर पाहिला, माझ्याकडे पाहिलं नाही. मग त्यांनी हळू आवाजात समजूत घातली: शेवटी शेवटी विनायकभाईची तब्येत ठीक नव्हती, धुण्यात काही राहून गेलं असेल, अल्लाह माफ करे. मेलेल्या माणसाचं काय. आपण फुकट करून देऊ, वहीत कारण लिहायचीही गरज नाही.

बशीरभाई भला माणूस आहे. ते हे माझ्यावरच्या मायेने म्हणत होते, दादावरच्या मायेनेही. दादाच्या कपाळावर एक लहानसा डाग लावायचा आणि वरून प्रेमाने झाकायचा. मी ‘हो’ म्हणालो असतो तर तो दिवस सरळ संपला असता. काही न बोलताही संपला असता. माझी नोकरी, व्हिसा, मुलीची शाळा सगळं जागच्या जागी राहिलं असतं. आणि दोन माणसांच्या मनात, ज्यांनी दादाचा हात पाहिला होता त्या शेवटच्या दोन माणसांच्या मनात, तो हात चुकलेला राहिला असता.

मी इतिहास शिकवत असताना मुलांना सांगायचो की जो बोलू शकत नाही त्याच्या वतीने कागद बोलतो. वर्गात असं सांगणं सोपं असतं.

‘ये विनायक का नहीं है,’ मी म्हणालो. ‘ये हाथ मेरा है.’

मग सगळं सांगितलं. तोल गेला ते, झेललं ते, फडक्याने पुसलं ते. ‘पूर्ण’ म्हणालो ते सांगताना माझी हिंदी अडखळली आणि मी तो शब्द मराठीतच म्हणालो. बशीरभाईंनी चष्मा परत नाकावर घेतला. तीन जागांवर माझी बोटं टेकवून दाखवायची वेळ आली नाही; त्यांनी पट्टीवरचा तो अंगठा इतक्या वेळा लोकांना दाखवला होता की त्यांना माझी बोटं ओळखीची होती.

बू सालेमने एकदा नळीवरून नजर फिरवली. खुर्ची ओढून बसला. पुन्हा का धुतलं नाही, असं तो विचारेल असं मला वाटलं होतं.

‘तुम भाई को बैठाता,’ तो म्हणाला. ‘बंदूक कल. बंदूक को क्या जल्दी?’

वर्षभर मी त्या फडक्याचा विचार करत होतो. अ‍ॅसिटोनचा, तीन तासांचा, एका शब्दाचा. ह्या माणसाने येऊन ते सगळं बाजूला सारलं आणि खालचं दाखवलं. ‘बस’ म्हणायचं होतं. तेवढंच होतं. मी दादाला थांबवू शकत नव्हतो म्हणून काम छोटं केलं, आणि त्यालाच दया समजलो. मी मान हलवली.

मग त्याने पेटीचं झाकण लावायला हात पुढे केला. राहू दे, असं त्याचं म्हणणं होतं. विनायकचा थर आहे, तो पुन्हा मिळणार नाही. तीन डागांसाठी तो कशाला काढायचा. बशीरभाईंनाही ते पटलं. मलाही पटावंसं वाटत होतं. वहिनीचं ‘बरं झालं’ माझ्या कानात होतं. पण थराखालचा गंज थांबत नाही, तो दिसत नाही तिकडे सरकत राहतो. दोन-चार वर्षांत ही नळी वापरण्याजोगी राहिली नसती, आणि तोवर तिच्याबद्दल लोक दादाचंच नाव घेत राहिले असते. तीन डाग तेवढे काढता येत नाहीत. काढायचा तर सगळा थर.

मी म्हणालो, दादाने ठेवली नसती.

बू सालेमने माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. ‘तुम करेगा?’ त्याने विचारलं. मी हो म्हणालो. बशीरभाईंनी नाही म्हटलं नाही. वहीत मी आधी कारण लिहिलं, माझ्या नावासकट, आणि मग आत गेलो.

काचेच्या पेटीच्या दोन भोकांतून हात आत घालायचे असतात. आतले रबरी मोजे कोपरापर्यंत येतात. मी हे काम हजारदा बघितलं होतं, केलं कधी नव्हतं. बशीरभाईंनी दाब बसवून दिला आणि बाजूला उभे राहिले. जुना थर साधारण दहा-बारा मिनिटांत जातो. डागांच्या तीन जागा लगेच उघड्या पडल्या, तिथे तो नुसता टेकलेला होता. बाकीचा निघेना, तिथे खालचं काम दादाचं होतं. मी नोझल जवळ नेलं. कण नळीवर आपटून परत फिरत होते आणि राखाडी रंग तसाच. बशीरभाईंनी वाकून आत पाहिलं आणि दाब थोडा वाढवला. माझे दंड भरून आले, चष्म्याच्या आत घाम उतरला. अर्ध्या तासाने बोटभर स्टील मोकळं झालं होतं. थोड्या वेळाने बशीरभाई म्हणाले, मास्टरजी, बैठो, मैं करता हूँ. मी नको म्हणालो. मग हात बाहेर काढले आणि बसलो. त्यांनी मला पाणी दिलं. पेटीच्या आत दिवा चालू होता आणि नळी तिथे पडून होती, जवळजवळ सगळी अजून त्याचीच.